वरच्या खिडकीतला समुद्र

११ जानेवारी

ताई,

नमस्कार. आधी तुझ्या गुडघ्यांची चौकशी करायला हवी, पण आज राहवत नाही. मी किल्ला बघून आले.

तोच किल्ला, ज्याच्या दुरुस्तीवर भावजी दोन हिवाळे होते. इतकी वर्षं या गावात राहते, पण निवृत्त झाल्यापासून तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. माझ्या जुन्या विद्यार्थिनींनी एक छोटी बस ठरवली आणि दारात येऊन उभ्या राहिल्या. "बाई, तुम्हाला घेतल्याशिवाय हलणार नाही." त्यांच्याही नाती आता शाळेत जातात, पण मला बघून अजून रांग करतात. कान गेल्यापासून मी कुठे जात नाही हे तुला ठाऊक आहे. म्हटलं, किल्ला बघायला कान कशाला लागतात?

दरवाजाशी आता तिकिटाची खिडकी आहे. आत एक पहारेकरी गळ्यात शिट्टी अडकवून फिरतो. मी भलतीकडे निघाले तेव्हा त्याने ती बरीच वाजवली असावी, कारण त्याचे गाल लाल झाले होते. चौकातल्या फरसबंदीतून गवत आलंय. राजाच्या दालनाला छत नाही, कबुतरं आहेत. समुद्राकडच्या बुरुजाचा जिना ढासळला. खालच्या अकरा पायऱ्या तेवढ्या शिल्लक आहेत आणि त्यांच्यापुढे दोरी. वर कुणालाच सोडत नाहीत. तटाचाही मोठा तुकडा पाण्यात गेलाय. भावजींनी बांधलेला भाग मात्र जसाच्या तसा आहे. फिकट दगडांवरून लगेच ओळखू येतो.

आणि समुद्र, ताई! वरच्या खिडकीतून असा दिसतो, की ओल्या गिलाव्यावर कुणी नुकतीच थापी फिरवून बाजूला झालंय. एक सुरकुती नाही. तो तू बघायला हवा होतास.

तुझी,
धाकटी


१८ जानेवारी, रविवार

मास्तरीणबाईंना,

तुमचं पत्र पोचलं. नातीने ते एकदा तिच्या वेगाने वाचलं आणि दोनदा माझ्या. ती आठवडाभर चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते, रविवारी मी तिला लावते. हे पत्रही तीच लिहितेय. मी सांगेन तेच लिही, मधे शहाणपण नको, असं बजावलंय. (आजीने हेही लिहायला लावलं. – नात)

काय करणार? फोन करावा तर तुला ऐकू येत नाही, पत्र लिहावं तर मला लिहिता येत नाही. आपल्या दोघींचं मिळून एक धड माणूस होतं.

तर किल्ला बघून आलीस. वा. बस करून, वर शिष्यिणींचा लवाजमा घेऊन. मी खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखलं. सकाळचा चहाही गेला नाही. आपल्या आईला दिसेनासं झालं तेव्हा एकीला घरी बसणं भाग होतं. पाटी तुला मिळाली, चूल मला. त्याचं मी कधी काही बोलले नाही. (बोलली आहे. मी साक्षीदार आहे. – नात) पण किल्ला माझा होता गं. हे त्या कामावर गेल्यापासून मी ह्यांच्या मागे लागले होते, एकदा किल्ला दाखवा. ठरलेलं उत्तर असायचं, "दगड आहेत. दगड बघायचे तर अंगणात बघ." चाळीस वर्षांत मी हजार वेळा विचारलं आणि हजार वेळा अंगण बघितलं. शेवटच्या आजारपणातही विचारलं, तर म्हणाले, "त्यात बघण्यासारखं काही नाही." नऊ वर्षं झाली त्याला. म्हटलं, नसेल काही.

आणि आता तू लिहितेस, समुद्र, ताई!

पत्र मी तीनदा ऐकलं ते उगीच नाही. ज्याला वाचता येतं तो कागद घडी घालून ठेवतो आणि विसरतो. मला सगळं डोक्यातच ठेवावं लागतं. तर आता ऐक. तू लिहितेस जिना ढासळलाय, वर कुणाला सोडत नाहीत. आणि त्याच्याच खाली लिहितेस, वरच्या खिडकीतून समुद्र असा दिसतो. कुणाच्या खांद्यावर बसून बघितलास?

दुसरं. ते ओल्या गिलाव्याचं आणि थापीचं वाक्य तुझं नाही. ते माझं आहे. ते मला टपालाने आलंय. ह्यांनी किल्ल्यावरून मला सात पत्रं पाठवली होती, तिसऱ्यात ते आहे. पोस्टमन उंबऱ्यात बसून वाचायचा, मी दाराआड उभी राहून ऐकायची, आणि सातही पत्रं मला पाठ आहेत, स्वल्पविरामाला पोस्टमन खाकरायचा त्या खाकरण्यासकट. ती पत्रं मी जगात कुणाला वाचायला दिलेली नाहीत. मग माझं वाक्य तुझ्याकडे कसं गेलं?

गुडघे बरे आहेत. मन बरं नाही.

तुझी थोरली


२४ जानेवारी

ताई,

केवढं मनावर घेतलंस! वरच्या खिडकीतलं दृश्य तिकिटाच्या खिडकीशी रंगीत चित्रात लावलं आहे, ते बघून लिहिलं. वाक्य कधीतरी तुझ्याच तोंडून ऐकलं असेन. म्हातारपणी काय कुठून आलं ते लक्षात राहत नाही.

इकडे वारा फार आहे. दाराच्या बिजागऱ्या करकरतात असं शेजारीण सांगते. मला काही त्रास नाही.

तुझी,
धाकटी


१ फेब्रुवारी, रविवार

मास्तरीणबाई,

शाळेत पोरं खोटं बोलायची तेव्हा तू म्हणे त्यांच्या पायांकडे बघायचीस. मला तुझे पाय दिसत नाहीत, पण पत्र आखूड झालं की माणूस लपवतंय एवढं मला कळतं. तुझं एरवीचं पत्र वाचून होईपर्यंत दूध उतू जातं. हे वाचून झालं तेव्हा दूध कोमटही नव्हतं.

म्हणून मी पेटी काढली. माझ्या बाजेखाली पत्र्याची पेटी आहे, तिची किल्ली माझ्या गळ्यात असते, आणि आमच्या सूनबाईंची समजूत आहे की तिच्यात सोनं आहे. असू दे समजूत, त्यामुळे ती माझ्याशी बरी वागते. (आई हे वाचणार नाही असं आजीला वाटतं. – नात) आत सात पत्रं. ती आजवर मी पोरांना, सुनांना, नातवंडांना कुणालाही दाखवली नव्हती. आज नातीच्या हातात दिली आणि म्हटलं, तिसरं वाच.

पोरीने ते उघडलं, मग बाकीची सहाही उघडली. मग तुझं गेल्या महिन्यातलं पत्र आणून शेजारी ठेवलं. मग म्हणाली, "आजी, हे एकाच हाताचं अक्षर आहे."

मी म्हटलं, "असेल. जगात माणसं किती, अक्षरं किती!"

ती म्हणाली, "नाही आजी. मावशीआजीचं आहे. सातही तिच्याच हातची."

ह्यांना आकडे यायचे, अक्षरं नाही. ओळंबा, दोरी, फूट, इंच यात त्यांचं सगळं भागायचं. पत्रं कोण लिहून देतं असं मी विचारलं होतं, तर म्हणाले, "मुकादमाचा कारकून." मी त्या कारकुनाला पन्नास वर्षं मनातल्या मनात दुवा देत आले. त्याची बायकोही मी मनात उभी केली होती, जरा जाड, भांडखोर. तो कारकून तू निघालीस?

आता सरळ विचारते. सरळ उत्तर दे. तू त्या वेळी त्याच गावात शाळेवर नव्याने लागली होतीस. मी इकडे सासूबाईंची पथ्यं आणि कडेवर पोर सांभाळत होते. तू वर गेली होतीस ना? ह्यांच्याबरोबर त्या खिडकीत बसली होतीस ना? मला चाळीस वर्षं अंगण दाखवलं आणि तुला समुद्र?

तेही मी गिळेन. जळत जळत गिळेन, पण गिळेन. दुसरी गोष्ट गिळता येत नाही. हे घरी बोलायचे ते "मीठ कमी", "पोर झोपलं का", "दार लाव." एवढंच. पत्रांत मात्र कसे बोलले होते! तिसऱ्यात समुद्र. पाचव्यात, "तुझ्या हातची हाक इथे ऐकू येत नाही म्हणून दिवस उगाच मोठा वाटतो." हातची हाक! म्हणजे मी ताटलीवर पळी वाजवून बोलवायची ते. घरी असलं कधी बोलले नाहीत, पण मी म्हणायची, नसू दे, आत आहे, पेटीत पुरावा आहे. त्या सात पत्रांवर मी सगळा संसार काढला गं. आणि ती शब्दांची करामत माझ्या शिकलेल्या बहिणीची असेल, तर माझा नवरा "मीठ कमी" एवढाच होता, आणि बाकीचं सगळं तू मला दान केलंस.

शब्द ह्यांचे होते की तुझे? एवढं सांग. ती पत्रं माझी आहेत की नाहीत?

नातीचे डोळे भरले आहेत आणि कागदावर डाग पडतोय. मला वाटलं होतं रडायचं काम माझं आहे. त्यातही कुणीतरी पुढे.

थोरली


२२ फेब्रुवारी, रविवार

तीन आठवडे झाले. पोस्टमन आमच्या दारावरून जाताना आता मान खाली घालतो. तू गप्प बसलीस तर मी त्याचा अर्थ लावीन, आणि मी अर्थ कसे लावते हे तुला माहीत आहे.

थोरली


४ मार्च

ताई,

तू विचारलंस तसं सरळ सांगते. पाच वेळा लिहिलं आणि फाडलं. फाडण्यावरून पुढे आणखी एक सांगायचं आहे.

हो. मी वर जायचे. शनिवारी शाळा अर्ध्या दिवसाने सुटायची, महिन्यातून एखाद्या शनिवारी मी कागद आणि टाक घेऊन किल्ल्यावर जायचे. जिना तेव्हा होता. एकोणसत्तर पायऱ्या. भावजी वरच्या खिडकीत माझी वाट बघत असायचे, पण माझी नव्हे, कागदाची.

पहिल्या पत्राच्या वेळी मी माझी विद्या दाखवायला गेले. त्यांनी अजून तोंड उघडलं नव्हतं आणि मी सुरुवातीलाच लिहून टाकलं, "प्राणप्रिये." त्यांनी विचारलं, "काय लिहिलंस ते वाच." मी वाचलं. ते एवढे घाबरले की हातातला ओळंबा खाली पडला. म्हणाले, "खोड ते. तिला वाटेल कुणी परका माणूस घरात शिरला." पहिल्या पत्रात वर एक जाड खोडलेली ओळ आहे, तुला आठवत असेल. त्याखाली ते आहे. मग दर वाक्य मी परत वाचून दाखवायचं, आणि शाळेतला एखादा शब्द सापडला की ते बोटाने कागद ठोकायचे. "हा तुझा. हा खोड." सात पत्रांत माझं काही नाही, ताई. अक्षर तेवढं माझं.

त्या गिलाव्याच्या वाक्याचं म्हणशील, तर मी तो समुद्र बघितलाच नाही. वाऱ्याने कागद उडायचा म्हणून मी भिंतीकडे तोंड आणि खिडकीकडे पाठ करून बसायचे. ते बघायचे आणि सांगायचे, मी लिहायचे. माझ्याकडे त्या खिडकीतला समुद्र म्हणून जे आहे ते त्यांचं वाक्यच आहे. परवा किल्ल्यात खाली उभी राहिले, वर जाता येईना, आणि तुला समुद्राचं काहीतरी सांगावंसं वाटलं, तर तेच हाताखालून उतरलं.

तुला का दाखवला नाही, तेही सांगते. त्यांचं काम तटाच्या बाहेरच्या अंगाला होतं. वरून दोर सोडून, त्याला फळी बांधून, त्या फळीवर बसून ते दगड लावायचे. खाली लाटा आणि खडक. वाऱ्याने फळी हलायची, म्हणून मी तिकडे बघायचंच बंद केलं. ते म्हणाले होते, "तिने ही जागा एकदा बघितली तर मला पुन्हा पाठवायची नाही. आणि हे काम अर्धं सोडून मी येणार नाही. तिला सांग, दगड आहेत." मला शपथ घातली. मी येते हे तुला कळलं असतं तर तू मला विचारलं असतंस, आणि मला तुझ्यापुढे खोटं जमत नाही, म्हणून तो कारकून. पुढे काम संपलं, ते घरी आले, पण एकदा दगड म्हटलं ते दगडच ठेवलं. पुरुषमाणसं.

आता फाडण्याचं.

सात नाहीत, ताई. आठ आहेत.

दुसऱ्या हिवाळ्याच्या सुरुवातीला त्यांच्या शेजारच्या फळीवरचा गवंडी पडला. त्या शनिवारी भावजींनी मला एक वेगळं पत्र लिहायला लावलं. म्हणाले, "हे टपालात टाकू नकोस. तुझ्याकडे ठेव. मी उतरलो नाही तर तिला नेऊन दे. उतरलो तर फाड." ते उतरले. मी फाडलं नाही.

का, ते लिहायला मला महिना लागला. तुझी पत्रं मी टपालपेटीत टाकायला न्यायचे तेव्हा पिशवीत नाही, हातात धरून न्यायचे. बाजारातून लांबच्या रस्त्याने जायचे. लोकांना वाटावं, या मास्तरीणबाईला कुणाचं तरी पत्र आलंय. मला जन्मात तसं पत्र कुणी लिहिलं नाही. तू मला पाटीवरून बोललीस तेव्हा मी हसते. तुला कळलं नाही कधी, दर वेळी एकोणसत्तर पायऱ्या उतरताना मी तुझ्यावर किती जळायचे ते. सात पत्रं तुझी झाली. एक माझ्याकडे राहू दे असं वाटलं. मग ते गेले, तेव्हा द्यायला हवं होतं. तुझ्या दारात आले होते ना, पिशवीत होतं. पण तू मला मिठी मारून रडलीस आणि मी पिशवीचा बंद काढला नाही.

उद्या रजिस्टरने पाठवते. मला काय म्हणायचं ते म्हण.

धाकटी


८ मार्च, रविवार

धाकटे,

पाठवू नकोस! तुझं पत्र काल आलं आणि नातीला मी दुकानातून बोलावून घेतलं. गिऱ्हाईक म्हणे एका डोळ्यावर हात ठेवून तसंच बसून राहिलं. तिने तातडीने तुझ्या शेजारणीला फोन केला आहे की रजिस्टर अडव. शेजारीण म्हणाली, बाई अजून पाकीटच शोधताहेत. देवाची कृपा, तुझ्या पसाऱ्याची.

माझ्या मनात काय काय झालं ते ऐक, क्रमाने लागायचं नाही.

शब्द ह्यांचे आहेत हे मला तू सांगायच्या आधीच कळलं होतं. तीन आठवडे तू गप्प होतीस तेव्हा मी बाजेवर पडल्या पडल्या ते वाक्य घोळवत होते. तू शिकलेली आहेस, समुद्राला तू आरसा म्हणाली असतीस, नीलमणी म्हणाली असतीस. ओल्या गिलाव्यावर थापी फिरवल्यावर ती जी एक गुळगुळीत चमक येते आणि दोन मिनिटांत जाते, ती हातात थापी धरलेल्या माणसालाच ठाऊक. तुझ्या हातात जन्मभर खडू होता. तेव्हा त्या बाबतीत तू सुटलीस. पण मी तुला ते तीन आठवडे कळवलं नाही. जरा तूही जळ म्हटलं.

प्राणप्रिये! नातीने वाचलं तेव्हा मी इतकी हसले की सूनबाई पाणी घेऊन धावली. पन्नास वर्षं मी त्या खोडलेल्या ओळीवर बोट फिरवत आले. मला वाटायचं, त्याखाली काहीतरी असेल जे ह्यांना बोलायचं होतं आणि बोलवलं नाही. आणि तिथे तू होतीस, पाण्यात पडलेल्या मांजरासारखी.

आठव्या पत्राचं माफ करत नाही. फाडलं असतंस तर जन्मात तोंड बघितलं नसतं. न फाडता ठेवलंस म्हणून जळतेय. म्हणजे तू काहीही केलं असतंस तरी मी तुला सोडलं नसतं. बहीण आहे मी. पण तू हातात धरून बाजारातून फिरायचीस, ते मात्र मला रात्रंदिवस दिसतंय. सांगितलं असतंस तर एखादं पत्र मी ह्यांना तुझ्या नावाने सांगायला लावलं असतं गं. "धाकटीस, दार लाव, मीठ कमी." चाललं असतं तुला?

टपालाने नको. इथे ते नातीने वाचायचं, म्हणजे आधी तिच्या डोळ्यांखालून जाणार, मग माझ्या कानात येणार. सातही माझ्याकडे कुणाच्या ना कुणाच्या तोंडून आली, पोस्टमनच्या, मग आता पोरीच्या. हे एक तरी ज्या हाताने लिहिलं त्याच्याच तोंडून ऐकू दे. मी येते. किल्ल्यातच वाच. गुडघ्यांचं मी बघून घेईन. मुलगा म्हणतो, आई, एवढ्या लांब, या वयात, दगड बघायला? मी म्हटलं, बापावर गेलास.

एक अट आहे. वाचताना मास्तरीणबाईच्या आवाजात वाचायचं नाही. ह्यांच्या आवाजात वाच. आणि चष्मा विसरलीस तर तिथेच तटावरून ढकलीन.

थोरली


१२ एप्रिल, रविवार
किल्ला

माझ्या नातीला,

अक्षर बघून दचकू नकोस. आज कारकून बदललाय. मी किल्ल्यातल्या दगडी बाकावर बसून ओरडतेय आणि तुझी मावशीआजी लिहितेय. मला प्रत्येक वाक्य तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगावं लागतं, त्यामुळे हे पत्र तुझ्याआधी इथल्या कबुतरांनी ऐकलं आहे. (कमी ऐकू येतं, बुद्धी गेलेली नाही. – मावशीआजी) बघ, हीही मधे बोलते. तुम्हा शिकलेल्यांना कंस सोडवत नाही.

आम्ही सकाळी पोचलो. ह्यांची भिंत बघितली. राजाची पडली गं, ह्यांची उभी आहे. मी पहारेकऱ्याला सांगितलं, "हे आमच्या घरचं काम आहे." तो म्हणाला, "आजी, किल्ला सहाशे वर्षांपूर्वीचा आहे." मी म्हटलं, "तरीच पडला." पण गंमत बघ, ह्यांनी इतकी चोख बांधली आहे की तिच्यातून फटीएवढाही समुद्र दिसत नाही. राजाची जिथे ढासळली त्या खिंडारातून मला तो दिसला. वर खिडकी आहे, रिकामी. मी तिच्याकडे पुष्कळ वेळ बघत होते. तिने ह्यांना दोन हिवाळे बघितलं, रोज.

मग मी जिन्याच्या पायथ्याशी दोरीखालून वाकून पहिल्या पायरीवर बसले. पहारेकऱ्याने शिट्टी फुंकली. तुझ्या मावशीआजीला ती ऐकू आली नाही आणि मला ऐकायची नव्हती. ती माझ्या शेजारी बसली, चष्मा लावला, पिशवीचा बंद सोडला आणि वाचायला लागली.

पोरी, तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही हे मी विसरले होते. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात तिने माझं पत्र वाचलं. चौकात एक सहल आली होती. पस्तीसएक माणसं. सगळी थांबली. पहारेकऱ्याच्या तोंडातली शिट्टी तशीच लोंबत राहिली. मी तिचा हात दाबत होते, हळू, हळू, तिला वाटलं मला भरून आलंय, तिने आणखी मोठ्याने वाचलं. माझ्या नवऱ्याने जे मला एकटीला सांगितलं होतं ते पन्नास वर्षं तिने ठेवलं, आणि आता पस्तीस अनोळखी माणसांत वाटलं. माझा किती जळफळाट झाला असेल तूच बघ.

पण तू घरची, तुला ऐकायचा हक्क आहे. ती पत्र समोर ठेवून उतरवून घेतेय, मी बघतेय की कुठे खोडत तर नाही ना.

"मी पडलो असं तुला कळेल. दगड सैल नव्हता, माझा हात सैल पडला असेल. दगडाला दोष लावू नकोस. आईला एकटी सोडू नकोस. पोराला या कामात घालशील तर जमिनीवरचं काम दे. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली भेग पडली आहे, ती भरायची राहिली. ती चुन्याने भर. मी तुला सांगत आलो की इथे बघण्यासारखं काही नाही, ते खोटं आहे. इथे इतकं आहे की एकट्याने बघवत नाही. म्हणून मी रोज अर्धंच बघतो आणि उतरतो. उरलेलं अर्धं तुझं ठेवलंय. कधी तरी येऊन बघून घे. धाकटीला बरोबर आण, तिला वाट ठाऊक आहे. आणि तिलाही कुणीतरी हे दाखवायला हवं, बिचारी भिंतीकडे तोंड करून बसते."

शेवटच्या वाक्यापाशी तिने चष्मा काढून पुसला आणि ते पुन्हा वाचलं. ते तिने स्वतःच्याच हाताने लिहिलं होतं बरं का, पन्नास वर्षांपूर्वी, भिंतीकडे तोंड करून. (त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. तेव्हाही मी वळले नाही. – मावशीआजी)

मग मी तिला उठवलं आणि खिंडाराशी नेलं. दोघी उभ्या राहिलो. माझं अर्धं मी बघितलं. त्यातला थोडा भाग तिला दिला, अगदी थोडा. तिने बघितला आणि मला विचारलं, "गिलाव्यासारखाच आहे ना?" मी म्हटलं, "मला काय विचारतेस? आज डोळे उघडे आहेत ना तुझे?" आठवं पत्र तिच्याच पिशवीत परत ठेवायला सांगितलं मी. पेटीत सात मावतात, आठ मावत नाहीत. (मावतात. पेटी मी पाहिली आहे. – मावशीआजी)

आता एक काम कर. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, पाण्याच्या पिंपामागे, भिंतीवर बोटभर रुंदीचा एक पांढरा पट्टा आहे. रंग किती वेळा दिला तरी तो वर येतो. हे किल्ल्याचं काम संपवून आले, त्या दिवशी दारात वळकटी टाकली, पाय धुतले नाहीत, चहा घेतला नाही, पोराला उचललं नाही, आणि आधी चुना भिजवून ती भेग भरायला बसले. मी किती ओरडले होते! "एवढ्या दिवसांनी आलात, ही काय मेली घाई?" ह्यांनी चुना भरला. थापी फिरवली, मागे सरकले, बघत राहिले.

पिंप जरा सरकव आणि त्या पट्ट्याला हात लावून बघ. मग पिंप परत जागेवर ठेव. फार वेळ हात ठेवू नकोस. ते माझं आहे.

तुझी आजी